अंगठाभर कमी पडलेली आरामखुर्ची

वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत मी खुर्चीवर बसलो, तो फक्त केस कापायला. गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानात मी तीस वर्षं नोकरी केली आणि आमच्याकडे सगळा कारभार गादीवर. पांढरी चादर, मागे लोड, समोर उलगडलेलं थान. सकाळी मांडी घातली की ती जेवायलाच सुटायची. घरी आलो की पुन्हा चटई. त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, की आता तुमचं सगळं एका चांगल्या खुर्चीवर अवलंबून आहे, तेव्हा मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत.

हे लिहितोय ते अशांसाठी, ज्यांच्या घरात नुकतंच कुणाला हे असं सांगितलं गेलंय आणि ज्यांचं घर आमच्या घराएवढंच आहे. औषधांतलं मला काही कळत नाही. लहान खोलीत मागे कलणारी खुर्ची कशी बसवावी, यावर मात्र मी आता कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

पायावरचा खड्डा

दिवाळी होऊन गेली होती. लग्नसराईचा माल यायला लागला होता. वरच्या फळीवरून पॉपलिनचं थान काढलं आणि मला धाप लागली. अशी धाप की थान हातातून सुटलं आणि अर्ध्या दुकानभर उलगडत गेलं. शेठजी म्हणाले, "बोरकर, घरी जा." तीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून मी घाबरलो.

खरं तर महिनाभर लक्षणं दिसत होती. पाय सुजायचे, चपलेचे पट्टे रुतायचे. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून एक उशी वाढवली, मग दुसरी, मग गुंडाळलेली सतरंजी. मी म्हणायचो, वय झालं. माझी बायको सुशीला महापालिकेच्या शाळेत मास्तरीण आहे. ती म्हणायची, "वय झालं म्हणून कोणी बसून झोपते का?" मी म्हणायचो, झोपतात.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्या नडगीवर बोट दाबलं आणि उचललं. कणकेच्या गोळ्यात राहावा तसा खड्डा तसाच राहिला. डॉक्टर, सुशीला आणि मी, तिघंही त्या खड्ड्याकडे बघत बसलो. "हृदय थकलं आहे," ते म्हणाले. "शरीरात पाणी साठतंय. आजच दाखल व्हा."

"आज? आज तर माल यायचा आहे."

"मालाचं राहू द्या. रात्री झोप लागते?"

"लागते ना," मी म्हणालो.

"खोटं बोलून राहिले," सुशीला म्हणाली. "महिना झाला, भिंतीले टेकून बसले राहतात. मी पाहतो ना रोज." आणि ती रडायला लागली. तोवर मला वाटत होतं, माझं जागरण माझ्यापुरतं आहे. मी मरेन अशी भीती त्या खोलीत पहिल्यांदा वाटली. माझी मुलगी मंदा मॅट्रिकला होती. तिचा निकाल बघायला मी असेन की नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

हँडलवाली खाट

मोठ्या सरकारी दवाखान्यात सतरा दिवस काढले. सकाळी साडेपाचला झाडू, सहाला सुई, सातला बिनमिठाची लापशी. मीठ बंद म्हणजे काय, ते वऱ्हाडी ठेच्यावर वाढलेल्या माणसाला विचारा. गोळ्यांनी लघवीला इतक्या वेळा जावं लागायचं, की मी वॉर्डातला सगळ्यात जास्त चालणारा पेशंट झालो. पण पाणी उतरत होतं. पाचव्या दिवशी माझे घोटे मला पुन्हा दिसले आणि मी ते सुशीलाला मुद्दाम पांघरूण काढून दाखवले.

माझ्या खाटेला पायथ्याशी एक हँडल होतं. ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची. आयाबाई कुरकुरत फिरवायच्या, पण एकदा का पाठ अर्धी उचलली गेली, की श्वास सरळ व्हायचा. पहिल्या रात्री मी सलग पाच तास झोपलो. हँडलला हात जोडावेत असं वाटलं.

शेजारच्या खाटेवर रामटेके मिस्त्री होते. सुतार. चाळीस वर्षं लाकडाचा भुसा छातीत भरून घेतलेला, त्यामुळे धाप त्यांनाही ओळखीची. ते दिवसभर माझ्या खाटेखाली डोकावून बघायचे.

"काय पाहता मिस्त्री?"

"हे पाठ उचलून राहिली ना भाऊ, ते एका दातऱ्या पट्टीवर. लय सोपं आहे. कोणी बनवलं असंन, त्याले जयभीम."

डॉक्टरांनी त्यांना भुसा सोडायला सांगितलं होतं. ते म्हणाले, भुसा सोडला तर मी पेपर वाचू का दिवसभर? आम्हा दोघांचं लगेच जमलं.

दादांचा हुकूम

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. जमिनीवर बसणं-उठणं बंद. सपाट झोपणं बंद. सहा महिने आराम, आणि दर आठवड्याला दाखवायला यायचं. "पाठ अर्धी कललेली, पाय वर, अशी सोय घरी करा. तशी खाट आणा नाहीतर खुर्ची."

आमची खोली आठ फूट बाय नऊ. मागे स्वयंपाकघर. त्या खोलीत लोखंडी कपाट, मंदाचं अभ्यासाचं स्टूल, आणि गेल्या वर्षी घेतलेला टीव्ही, चार पायांच्या स्टँडवर. गल्लीतला दुसरा टीव्ही. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की त्या खोलीत वीस माणसं मावायची, पण दवाखान्याची खाट एक मावत नव्हती. आम्ही मापून पाहिलं. खाट ठेवली तर स्वयंपाकघराचं दार उघडत नव्हतं.

माझे थोरले भाऊ, दादा, आमच्या गावी कुहीला शेती करतात. धानकापणी टाकून ते आले होते. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी चारी भिंती बघितल्या आणि म्हणाले, "नामदेव, तुले कुहीले नेतो. तिथं वीस फुटाची खोली आहे. खाट टाक नाहीतर हत्ती बांध."

"दादा, दर हप्त्याले दवाखाना आहे."

"आणीन ना गा मी. आणि इथं तू झोपशीन कुठी? भिंतीले टेकून?"

सुशीला दारात पदर घेऊन उभी होती. आमच्याकडे भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बाईनं तोंड उघडून बोलायची रीत नाही. चाळीस पोरांच्या वर्गाला एका नजरेनं गप्प करणारी ही बाई दादांसमोर मंदाच्या मार्फत बोलते.

"मंदे, मोठ्या बाबाले सांग, माही शाळा आहे, तुही मॅट्रिक आहे. आपण कुहीले जाऊ शकत नाही. मग हे एकटे राहतीन तिथं?"

"मंदे, आईले सांग," दादा तिच्याकडे न बघता म्हणाले, "एकटा नाही, भावापाशी राहीन."

दादा प्रेमानं बोलत होते, हेच अवघड होतं. मला काय हवं होतं, ते स्पष्ट सांगतो. मला ह्या दोघींसोबत राहायचं होतं. सहा महिने डॉक्टरांनी सहज म्हटले, पण ते सहा महिने पुरे होतील याची मला खात्री नव्हती. आणि जायचंच असेल तर कुहीच्या वीस फुटी खोलीतून एकट्यानं जायचं नव्हतं. हे मी दादांना बोललो नाही. एवढंच म्हणालो, "खाट मावत नाही, पण खुर्ची मावंन."

"आठ दिवस देतो," दादा म्हणाले. "रविवारी जीप घेऊन येतो. खुर्ची मावली तर मी चहा पिऊन जाईन. नाही मावली तर तू जीपमधी बसशीन."

खुर्च्यांचा आठवडा

ते आठ दिवस आमच्या घराचं फर्निचरचं दुकान झालं. आधी शेजारच्यांनी कापडी आरामखुर्ची दिली, घडीची, दांडा खाचेत अडकवायची. तिच्यात मी पोत्यासारखा बसलो. पोट छातीत घुसलं, श्वास कोंडला, आणि उठायला दोघींनी दोन हात धरून ओढावं लागलं. ज्या खुर्चीतून आजाऱ्याला एकट्यानं उठता येत नाही ती घेऊ नका, मग ती कुणी फुकट का देईना.

मग सुशीलाच्या हेडमास्तरांकडून वेताची लांब खुर्ची आली, हात पुढे काढलेले, त्यांवर पाय टाकायचे. झकास होती. दारातून आत येईना. आडवी केली, उभी केली, तिरकी केली, आणि शेवटी तिला तशीच परत पाठवली. मंदा म्हणाली, "बाबा, न्हाव्याची खुर्ची आणू. तुम्हाले तिचीच सवय आहे." आम्ही तिघं इतके हसलो की मला दम लागला आणि सुशीलानं मंदाच्या पाठीत धपाटा घातला.

गुरुवारी रामटेके मिस्त्रींचा निरोप आला. ते दवाखान्यातून माझ्या आधीच घरी गेले होते. सिव्हिल लाइन्समधल्या कुण्या साहेबाची बदली झाली, तेव्हा त्यांनी एक सागवानी खुर्ची घेऊन ठेवली होती. पाठ दातऱ्या पट्टीवर मागे कलायची, पुढून पायपट्टी निघायची. मी रिक्षानं गेलो. बसलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, पाठ कलवून, पाय वर घेऊन, अर्धा तास बसून पाहिलं. श्वास सरळ. स्वतःच्या हातानं उठलो. मिस्त्रींच्या डोळ्यांत मला माझाच आनंद दिसला.

"माप घ्या भाऊ," ते म्हणाले. "उघडल्यावरची लांबी पाहा. बंद खुर्ची कोठीही मावते."

हे सोन्याचे बोल होते. मंदानं घरची जागा टेपनं मोजून दिली होती: भिंतीपासून टीव्हीच्या स्टँडपर्यंत सहा फूट एक इंच. टीव्ही मागे सरकत नव्हता, कारण मागे धान्याची कोठी होती, दादांनीच पाठवलेल्या तांदळानं गच्च. मिस्त्रींनी टेप पुढे केला. मी म्हणालो, ठेवा तो. तीस वर्षं कापड मोजतोय. माझा हात कोपरापासून बोटापर्यंत बरोबर दीड फूट आहे, शेठजींनी गजाला लावून पाहिलेला. उघडलेली खुर्ची मी हातानं मोजली. एक, दोन, तीन, चार. चार हात म्हणजे सहा फूट. एक इंच शिल्लक!

मी घरी येऊन पेढे वाटले. मला पेढा बंद होता, तरी एक खाल्ला.

रविवार

सकाळी हातगाडीवरून खुर्ची आली. दारातून सुळकन आत गेली. गल्ली जमली. दादाही जीप घेऊन आलेच. मी खुर्चीत बसलो, पायपट्टी काढली, ती स्टँडला टेकली, आणि दिमाखात पाठ मागे रेटली. पाठ थोडी कलली आणि ठक्क करून भिंतीला लागली. पुन्हा रेटली. पुन्हा ठक्क. मी दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखा ताठ.

पायपट्टी स्टँडच्या पायांमधून आत घालावी म्हटलं, तर खुर्ची भिंतीपासून पुढे ओढावी लागे, आणि मग स्वयंपाकघराचं दार अडे. मंदानं टेप लावला. सहा फूट चार इंच.

"कसं काय?" मी ओरडलो. "चार हात भरली होती!"

सुशीला माझ्याकडे बघत होती. भासरा समोर आहे हे विसरून ती थेट बोलली. "अहो, अंगठा सोडला का तुम्ही?"

आमच्या धंद्यात कापड हातानं मोजताना प्रत्येक हाताला अंगठा दाबून धरतात आणि पुढचा हात अंगठ्याच्या पलीकडून सुरू करतात. तेवढं अंगठाभर कापड गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक खूश होतं आणि पुन्हा येतं. तीस वर्षं माझा हात तसाच चालला. मिस्त्रींच्या खुर्चीलाही मी गिऱ्हाईक समजून मापात चार अंगठे, म्हणजे चार इंच, सोडले होते.

मी चूक कबूल केली. कुणी हसलं नाही, यावरून समजा वेळ किती वाईट होती. दादांनी खुर्चीच्या हातावर हलकेच थाप मारली. "चाल गा नामदेव. मंदे, आईले याचे कपडे बांध म्हणा." मंदा कपाटासमोर उभी राहिली आणि कपडे काढू देईना. मला रडू येत होतं. हृदय थकलेल्या माणसानं रडू नये म्हणतात, पण आलं.

तेवढ्यात रामटेके मिस्त्री आले. खुर्ची कशी बसली ते बघायला, छातीवर हात ठेवून, गल्लीत थांबत थांबत चालत. त्यांनी सगळं ऐकलं. मग जमिनीवर पालथे झाले आणि टीव्हीच्या स्टँडखाली पाहू लागले.

"हे खाली एवढी जागा रिकामी आहे ना भाऊ," ते तिथूनच बोलले. "पाय आत जातीन. खुर्ची भिंतीलेच राहू द्या. बैठक पुढे सरकली पायजे, अन् पाठीनं तिच्यासंगं खाली उतरलं पायजे. मागं जाचंच नाही तिले."

"होते का तसं?" दादांनी विचारलं.

"संध्याकाळलोक वेळ द्या."

दादांनी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं तोंड बघून त्यांना कळलं असावं. "मंदे, जीपवाल्याले सांग, जाय म्हणा," ते म्हणाले. "मी उद्या पहाटच्या एसटीनं जाईन. पण आजची रात्र मी इथंच झोपतो. हा रातभर निजला तर मी एकटा जाईन. उठून बसला, तर दोघं जाऊ."

दिवसभर खोलीत ठोकठोक चालली. मिस्त्रींनी बैठकीखाली दोन सागवानी पट्ट्या बसवल्या, त्यांना मेण घासलं, पाठीचा सांधा खाली घेतला. मध्ये मध्ये ते आणि मी, दोघंही आळीपाळीनं धापा टाकत बसत होतो. सुशीलानं दोघांनाही बिनमिठाचंच वाढलं. मिस्त्री म्हणाले, "माहं काहून वं बाई?" ती म्हणाली, "एकट्यानं खाल्लं की यांचं तोंड वाकडं होते."

पाच वाजता मी बसलो. पाठ रेटली. बैठक गुळगुळीत पुढे गेली, पाठ जागच्या जागी उतरली, पाय टीव्हीच्या खाली शिरले. स्वयंपाकघराचं दार उघडं. मी हात वर केले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दादा टाळ्या वाजवत नव्हते, ते वाकून पट्ट्या तपासत होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

मग सिनेमा लागला. वीस माणसं खुर्चीच्या दोन्ही अंगांना दाटीनं बसली. हिरो रडायला लागला की त्याच्या बरोबर खाली माझे अंगठे दिसायचे आणि मी सवयीनं ते हलवायचो. पुढची पोरं ओरडायची, "काका, पाय!" दादांनी मांडी घालून अख्खा सिनेमा बघितला आणि शेवटी धोतरानं डोळे पुसले.

सकाळ

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन खोलीत आलं होतं. क्षणभर कळेना मी कुठे आहे. मग कळलं, की मी झोपलो होतो. एकदाही उठून बसलो नव्हतो. छातीवर कुणी नव्हतं. खुर्चीशेजारी चटईवर सुशीला तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. पहाटे पाचला उठणारी बाई, घड्याळात साडेसात वाजले होते. महिनाभर माझा श्वास मोजत जागलेली, ती त्या दिवशी मोजायचं विसरली होती. मला तिला उठवावंसं वाटेना. पलीकडे मंदा. दादांची सतरंजी घडी करून ठेवलेली. पिशवी नाही, चपला नाहीत. दादा पहाटेच्या एसटीनं एकटेच गेले होते.

बाहेर दूधवाला ओरडला. सुशीला दचकून उठली, घड्याळ पाहिलं आणि माझ्यावर कडाडली, "उठवलं काहून नाही? शाळा गेली माही!" ती धावत दाराकडे गेली. दार उघडेना. तिनं ओढलं, मंदानं ओढलं. आमच्या जुन्या दाराच्या फळ्या कडीशिवाय मिटून राहत नाहीत, आपोआप करकरत उघडतात. आम्हा कुणाची झोप मोडू नये म्हणून दादांनी बाहेर पडून हळूच दार ओढून घेतलं होतं आणि बाहेरून कडी घातली होती.

मला कुहीला न्यायला आलेला भाऊ मला माझ्याच घरात कोंडून गेला होता.

सुशीला दाराला पाठ लावून खाली बसली आणि हसायला लागली. मंदा हसायला लागली. बाहेर दूधवाला कडी काढू की नको, विचारत होता.

"थांब रे बापा थोडा," मी खुर्चीतून ओरडलो. "काही घाई नाही."